नऊ जण

शव्हात महिन्यातली तिथी, चंद्रावर चालणारी,
म्हणून बाबा दर वर्षी वेगळ्याच तारखेला जातात.
यंदा गुरुवार आला,
आणि आयसल नदीला पाणी.

सकाळचे सात. झ्वोल्याच्या प्रार्थनागृहात हीटर खोकतोय.
माणसांवर बोट ठेवून मोजायचं नाही असं आमच्यात,
म्हणून म्हातारे फ्रांकफोर्ट
दहा शब्दांचं एक वचन
एकेका डोक्यावर एकेक शब्द ठेवत म्हणतात.
वचन नवव्या शब्दाशी थांबलं.
दहावा त्यांनी तोंडातच ठेवला, गोळीसारखा.

दहावे म्हणजे डॉक्टर व्हान खेल्डर.
ते कामपेनहून येतात, बंधाऱ्यावरच्या रस्त्यानं.
तो रस्ता रात्री अडीचला बंद झाला.
बंदच्या कागदावर सही माझी.

मेलेल्यासाठी उभं राहून म्हणायचं कद्दिश, त्याला दहा लागतात.
म्हणजे ते नाही.
रोशे म्हणाली, घरी जाऊन झोप.
माझ्या बुटांना पंपघराचा चिखल अजून ओला.

पण सकाळचे छोटे आशीर्वाद एकट्यानंही चालतात:
कोंबड्याला दिवस-रात्र उमजवणाऱ्याचा,
नागव्याला नेसवणाऱ्याचा,
बांधलेल्याला सोडवणाऱ्याचा, वाकलेल्याला सरळ करणाऱ्याचा.
लहानपणी मी ते मालगाडीचे डबे मोजावेत तसे म्हणायचे.

मग ती ओळ.
रोका हाआरेत्स अल हामायिम.
जो पाण्यावर जमीन पसरतो.

इथे बाबा कोपर मारायचे.
छत्र्या विकणारा माणूस, ओल्या हवेवर पोट.
"हे तुझ्या खात्याचं," म्हणायचे,
आणि मी म्हणेपर्यंत गप्प उभे राहायचे.
वीस वर्षं तोच विनोद.
मी ओशाळून पटकन उरकायचे.

आज कोपर नाही.
बरगडीला मात्र त्याची वेळ पाठ आहे.

थांबले म्हणून क्रियापद दिसलं.
पसरली, असं नाही. पसरतो.
आणि त्याचा धातू खरोखर धातूचाच:
पत्रा ठोकत ठोकत पातळ करायचा, कडेपर्यंत न्यायचा.
हातोडा अजून खाली ठेवलेला नाही.

रात्रभर कोण पसरत होतं ते मला माहीत आहे.
तीन नंबरचा पंप, त्याचं डिझेल,
हार्म आणि त्याचा थर्मास,
आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहिणारी मी.
समुद्रसपाटीखाली एक मीटर दहा.
एक मीटर आठ.
आठच.
पुन्हा दहा.
वहीत देवाचं नाव कुठेही नाही.

पण वहीत हेही नाही
की चारच्या सुमारास हार्मनं टोपी काढली
आणि पंपाच्या अंगावर हात ठेवून उभा राहिला,
गाभण गाईवर ठेवावा तसा,
आणि आम्ही दोघं काही बोललो नाही.

माझी श्रद्धा आहे का, ते मी आजही सांगणार नाही.
बाबांनाही कधी विचारलं नव्हतं.
ते फक्त ओळ मोकळी ठेवायचे,
माझ्या मापाची.

मी म्हटलं. नेहमीपेक्षा सावकाश,
दर शब्दाला खालची जमीन चाचपत.
सात जण एकदम ओमेन म्हणाले.
म्हातारे फ्रांकफोर्ट कानातलं यंत्र नीट करत होते,
त्यांचं ओमेन बऱ्याच वेळानं आलं.

तोवर जमीन थांबून होती.