टाकी

रात्री पावणेतीनला पाणी आलं.
घोंगडे वस्तीत आमच्याकडं पाचव्या दिवशी येतं,
वेळ सांगून कधीच नाही.
मी तेव्हा भुयाराच्या सहाव्या मजल्यावर,
लोखंडी सापाच्या तोंडाशी ढाल धरून,
आणि पाठीमागं एकोणीस जण.

या खेळात मला टँक म्हणतात.
काम सोपं आहे : मार खायचा,
आणि सापाची नजर दुसऱ्या कुणाकडं वळू द्यायची नाही.
जिन्यातून आई ओरडली, तेलुगूत,
"नीळ्ळु वच्चिनय्!"
माइक चालूच होता.

मला विचाराल तर
पैसे भरून तलवार आणणाऱ्यांचं मला काही वाटत नाही.
आणू द्या. चमकते छान.
दुसऱ्याच फटक्याला त्यांना कळतं
की तलवारीबरोबर मनगट येत नाही.
राग येतो तो आपोआप चालणाऱ्यांचा.
बटण दाबलं की योद्धा स्वतः फिरतो, स्वतः मारतो,
मालक घोरत पडलेला.
अरे, मग खेळलं कोण बे?
यंत्रमागसुद्धा आपोआप चालतो,
पण धागा तुटला की गाठायला माणूस लागतोच.

बाबांनी एकदा मागं उभं राहून बघितलं.
मी रानडुकरं मारत होतो, रोजची चारशे,
कातड्यांसाठी.
बाबांनी चाळीस वर्षं टॉवेल विणले,
कान तिथंच कारखान्यात ठेवून आले,
त्यामुळं बोलतात ते जरा मोठ्यानंच :
"हे नगावर काम झालं की! मजुरी कोण देतंय?"
म्हटलं, कोण नाही. आपणच महिन्याला भरायचे.
बाबा इतके हसले की ठसका लागला.
मी पाणी दिलं. साठवणीतलं.

आणि अजून एक, हे कुणाला पटत नाही :
लुटीतला पहिला वाटा हीलरला द्यावा.
साप मेल्यावर सगळे विचारतात, शेवटचा घाव कुणाचा?
मी कसा काय जिवंत राहिलो, हे कोण विचारत नाही.

आमच्या हीलरचं नाव शेंगाचटणी.
दोन वर्षं आम्ही इंग्रजीतच बोललो,
नाव बघून मला शंका यायला हवी होती.
एकदा तिच्या माइकमधून अजान ऐकू आली,
आणि तीच, त्याच सुरात, थोडी मागं,
माझ्या खिडकीतून.
विजापूर वेस. रिक्षानं दहा मिनिटं.
तिचं नाव फिरदौस, दिवसा लॅबमध्ये रक्त तपासते.
आमचा आवाज समुद्राखालून सिंगापूरला जातो,
तिथून वळून
विजापूर वेशीत उतरतो.
भेटलो नाही. गरज काय?
मला तिचा हात माहीत आहे,
माझं रक्त किती उरल्यावर तो हलतो ते माहीत आहे.
सख्ख्या भावाबद्दल एवढं मला सांगता यायचं नाही.

तर, पाणी.
मी म्हटलं, चार मिनिटं. आणि पळालो.
मोटर लावली. हवा धरली होती तिनं,
पाइप चोखून काढावा लागला.
नऊ मिनिटं गेली.

परत आलो तर
माझा माणूस तसाच उभा, ढाल खाली,
साप त्याला चावतोय, चावतोय,
आणि ती एकटी मागं उभी राहून भरतेय,
जेवढं सांडतंय तेवढं.
बाकी अठरा जण मरून पडलेले,
आणि पडल्या पडल्या गप्पा मारतायत.
जाकार्ताच्या एकानं रोमन अक्षरांत लिहिलं होतं :
नीळ्ळु वच्चिनय्?
आता कुणालाही उठायचं असलं, लघवीला, बाळ रडतंय म्हणून,
कुणाचीही भाषा कुठलीही असो,
हेच लिहितात.

ढाल उचलली. म्हटलं, थँक्यू.
ती म्हणाली, भरली का टाकी?
भरली.

उद्या त्यांच्याकडं पाणी सुटणार.
उद्या मार
जरा जपून खायला पाहिजे.