सव्वा इंच

टॅमरॅक फॉल्सच्या नगरपालिकेनं मला यादी करायला पाठवलं:
पाडण्याआधी आत काय काय आहे ते लिही.
खुर्च्या बावीसशे सहा, मोडक्या एक्केचाळीस.
कॉम्प्रेसर तीन. गोलफलक एक,
पाहुण्यांच्या बाजूचा आठाचा आकडा अर्धाच पेटणारा.
बर्फ कुठल्या रकान्यात?

तायस्तो राउतिओ म्हणाला, लिहू नकोस. तो सामान नव्हे.
एकोणचाळीस वर्षं त्यानं इथला बर्फ घातला.
घातला म्हणजे सारवला:
आधी श्वासाइतका बारीक फवारा, मग थांबणं,
मग पुन्हा हात, पुन्हा थांबणं,
तांबड्या-निळ्या रेघा ओढून त्यावर आणखी वीस हात.
इतकं करून जाडी सव्वा इंच.

त्याच्या बापाच्या वेळी यंत्र नव्हतं.
लाकडी शेड, आणि नोव्हेंबर लागला की
थंडी आत यावी म्हणून सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या.
एका वर्षी हिवाळा आलाच नाही.
अंतिम सामना घोटाभर पाण्यात झाला,
पक तरंगत गोलात गेला,
पंचानं तो धरावा की नाही यावर
कागद गिरणीतले दोन सख्खे भाऊ मरेपर्यंत बोलले नाहीत.

आल्देआ रोबिशो खांबामागे बसायची.
चौदा नंबर, तिकीट निम्म्या दरात.
दिवसभर गिरणीत चिंध्या निवडून संध्याकाळी ती
सामना ऐकायला यायची.
पात्याच्या खरखरीवरून डावखुरा ओळखायची,
फळीवर आपटलेल्या खांद्यावरून
कुणाचं घरी भांडण झालंय तेही.
एकाहत्तर साली पोलादी छत आलं, खांब गेले.
तिला पहिल्यांदाच सगळं दिसलं.
मध्यंतरातच उठली. म्हणाली,
ही पोरं कोण आहेत?

मी हेही लिहून घेतलं. रकाना नव्हता, समासात लिहिलं.

भिंतीवरच्या फोटोंत पुरुषांचे संघ, ओळीनं.
धुलाईघरातल्या बायका पहाटे पाचला खेळत,
त्या वेळी फोटोवाला झोपलेला असे.
त्यांच्यातल्या एकीचा दात
गोलपोस्टच्या खाचेत सापडला होता, असं तायस्तो सांगतो.
दाखव म्हटलं तर हसतो.

दर एप्रिलला तो बर्फ वितळवायचा.
सगळ्या मोसमाचे ओरखडे, रक्ताचे थेंब, रेघा,
सगळं गुलाबीसर होऊन मोरीतून नदीला.
म्हणून इथं जुनं काही सापडत नाही, तो म्हणाला.
खणलंस तर वाळू. वाळूत नळ्या.

आज शेवटचा कॉम्प्रेसर त्यानं स्वतः बंद केला.
ती घरघर आम्ही जन्मापासून ऐकत होतो;
थांबली तेव्हा कळलं, ती होती.
दोघंही फळीला टेकून उभे राहिलो.
बराच वेळ काही वितळलं नाही.
मग मधल्या वर्तुळावर
चमक आली थोडी,
आणि तायस्तो सवयीनं म्हणाला,
दार लाव, ऊब आत येतेय.