शंभर प्रती

निपाणीत, जुन्या स्टँडामागच्या बोळात
अण्णांचा छापखाना. एक ट्रेडल,
डाव्या भिंतीला मराठी खिळ्यांच्या केशी,
उजव्या भिंतीला कन्नड.
कन्नड अण्णांना वाचता येत नसे.
जुळवता येई.
वळणं बघून, बोटांच्या सवयीनं
उलट्या अक्षरांची ओळ बिनचूक लागे
आणि अर्थ गिऱ्हाईक घेऊन जाई.

एका सकाळी ऑर्डरींच्या तारेला
एक चिटोरं टोचलेलं दिसलं.
नाव नाही, आगाऊ रक्कम नाही,
कन्नडातल्या चौदा ओळी.
अण्णांना त्यातला आकडा तेवढा कळला.
त्यांनी शंभर छापली.

न्यायला कुणीच आलं नाही.
शेजारच्या बसगोंडा पानवाल्यानं वाचलं तेव्हा उलगडलं:
ज्याच्या हाती पडेल त्यानं शंभर छापून वाटावीत.
एकसंब्यात एकानं फाडलं, त्याचा बैल गेला.
बस्स. ना सभा, ना जत्रा, ना जाहिरात.
बसगोंडा हसला,
आणि जाताना गठ्ठा घेऊन गेला.

आठवड्यात चौघं आले, प्रत्येकी शंभर.
मग अकरा.
मग कुणीतरी मराठीतही करून आणलं.
उपाध्यांच्या घरची पत्रिका फर्म्यात तशीच पडून,
तिच्या शुभविवाहातला श उचलून
अण्णांनी शंभरातला श लावला.
कागद संपला. शाई उधारीवर आली.
ट्रेडलला काय,
पाय मारला की ते छापतं.

आज माझ्यापुढं तंबाखूचं पान आहे,
सौंदलग्याच्या रानातून आईनं आणलेलं.
गडद हिरवं, फिकं हिरवं, पुन्हा गडद,
कुठली हद्द कुणाची ते ठरत नसल्यासारखं.
ती विचारते, आत काय चाललंय?

पानावरच्या लवेतला एक केस मोडतो.
तेवढी जखम पुरते.
एक काडी आत येते, तिचा डगला टोकाकडून सुटू लागतो,
आत नुसता धागा, सहा हजार चारशे अक्षरांचा.
पेशीतले जुळारी तो हातात घेतात.
कुणी टोचला, विचारत नाहीत.
आधी त्यातून घडतो नकलाकार.
तो धाग्यावरून उलटा धागा काढतो,
उलट्यावरून सुलटा, सुलटा, सुलटा,
(खिळ्यावर उलटं, कागदावर सुलटं, तसंच)
मग डगल्याचे तुकडे, एकेका धाग्याला दोन हजारांवर,
आणि एक असा, जो शेजारच्या पेशीची फट
जरा किलकिली करतो.
पेशी फुटत नाही.
तिचं स्वतःचं काम तेवढं फर्म्यात पडून राहतं.

"जित्तं हाय काय ते?"
बाहेर असताना नाही म्हणायचं.
"खातंय काय?"
काही नाही.
"मग कशापायी करतंय गे?"
मी गप्प.
जरा वेळानं तीच म्हणते,
"बैलाचा कागद."

मग ती नको ते विचारते.
ह्या झाडावरनं त्या झाडावर नेतं कोण?
वारा नाही, माशी नाही.
वखारीत वाळलेल्या पानात ते वर्षानुवर्षं पडून असतं,
चिमटीत येतं, चुन्याबरोबर तळहातावर मळलं जातं,
आणि तोच हात सकाळी शेंडे खुडायला निघतो.
आई हात उलटा करते, सुलटा करते.
तीस वर्षं खुडलेत तिनं,
ओळीनं, एकही झाड न चुकवता.

मगदुमांच्या पद्मराजनं सांगितलंय,
दुधात हात बुडवून मग झाडाला लागायचं,
दुधानं ते बिचकतं.
"ताकानं चालंल काय?"
मला ठाऊक नाही.

पहाटे ती पावशेर दूध पितळीत ओतते.
खुंट्याशी वासरू बघत राहतं.
मनगटापर्यंत हात बुडवून,
ते न पुसता, बोटं फाकून,
ती सरीत शिरते.
कमरेला चंची
आहे तिथंच.