पोत्यावरचा कुत्रा

पेंड मी वासावर ओळखतो.
सरकी दाताखाली धरली की कळतं
कोणत्या जिनिंगची, किती दिवसांची.
ह्या गोळ्या मात्र दरवेळी सारख्याच,
सारखा रंग, सारखा कडकपणा,
आणि वास तोच, जो पोत्यावर छापलाय.

जालन्याहून एजंटाचा मेसेज आला मंगळवारी,
मोंढ्यात हमाल जेवायला बसले तेव्हा.
अमुक नंबरचा माल विकू नका, परत पाठवा.
बुरशी का कायसं, लिव्हरला धरतं.
खाली बारीक अक्षरात :
फोडलेल्या पोत्याचे पैसे मिळणार नाहीत.

सेलूत वीस किलो कोण नेतंय?
मी सुटंच विकतो. पावशेर, अर्धा किलो,
जुन्या पेपरात बांधून.
पुडीवर नंबर नसतो.
पुडीवर राशिभविष्य असतं, नाहीतर टेंडरची नोटीस.
आणि पोती तर कधीच रिकामी झाली,
दहा-दहा रुपयाला गेली.

निघालो मोटरसायकलवर पोती हुडकत.
एक खाजाभाईच्या गॅरेजात अंथरलेलं,
ऑइलनं काळं, काहीच वाचता येईना.
एक अनुसयाबाईच्या न्हाणीला पडदा म्हणून.
बाहेरून म्हणलं, मावशी, पडद्यावरचं जरा वाचायचंय,
तर आतून तांब्याच आला.
नंतर तिनंच उलटून दाखवलं.
नंबर शिवणीपाशी असतो,
अन् शिवण कापून तिनं नाडी ओवली होती.
सोनेरी कुत्रा तेवढा शाबूत,
जीभ काढून हसायलेला.
असला कुत्रा आख्ख्या परभणी जिल्ह्यात
मी अजून बघितला नाही.

मग घरोघर गेलो.
मुंजाजी, जिनिंगवरचा रखवालदार.
त्याची टिपी तीन दिवस नुसतं पाणी पिऊन
वजनकाट्याच्या सावलीत पडलेली.
कामून परत मागायलाव, शेठ?
मी म्हणलं, कंपनीचा माल खराब निघाला.
कंपनी? तो म्हणाला.
मी तर तुमच्याकडून नेलतं.

डॉक्टर कुलथे म्हणाले, तपासणी पुण्याला होते,
रिपोर्ट यायला महिना. तोवर मऊ भात घाला.

प्रयागबाई काहीच बोलली नाही आधी.
तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती,
आता स्टेशनमागं अकरा कुत्र्यांना वाटते,
प्रत्येकाला मोजून, वाटीनं.
पुडी तिनं माझ्या हातात दिली, गाठ न सोडलेली.
मग म्हणाली,
माझ्या हातून चुकीची सुई गेली असती
तर रजिस्टरला माझं नाव लागलं असतं.
तुझं कुठं लिहितात?

एक गोष्ट तिला सांगितली नाही.
नवा माल आला की मी गिऱ्हाइकासमोर
एक गोळी तोंडात टाकायचो. कडाक.
माणसाला चालतंय तर कुत्र्याला काय होतंय!
लोक हसायचे, पावशेराचं अर्धा किलो न्यायचे.
मुंजाजीही हसला होता.
त्या लॉटमधलीही खाल्ली असणार मी.
मला काही झालं नाही.
शेंगदाणा खवट असला तर जीभ सांगते,
हिनं काहीच सांगितलं नाही.

शनिवारी नवं पोतं आलं.
कुत्रा तोच, कोपऱ्यात एक लाल चिकटपट्टी वाढलेली,
'आता अधिक विश्वासार्ह'.
लॉट बदललाय, एजंट फोनवर म्हणाला, बिनघोर विका.
दोन दिवस ते पेंडेच्या थप्पीला टेकून ठेवलं.
टिपीनं रात्री दुधात कुस्करलेली चतकोर भाकरी खाल्ली
असा निरोप आला, तेव्हा फोडलं.
बरोबर केलं का, माहीत नाही.
दुकानाचं भाडं द्यायचं होतं.

आता प्रत्येक पुडीवर पेनानं नंबर लिहितो,
चौदा आकडे, मेष राशीच्या वरून.
पोस्टमनची पोरगी पिलासाठी पावशेर न्यायला आली.
काका, हा कुणाचा फोन नंबर?
कंपनीचा, म्हणालो.
मग थांबवून पुडी परत घेतली,
खाली माझा लिहिला.
तिनं वाचून बघितला, बोट ठेवून, हळूहळू.
लावला तर उचलताल का पण?