पोलंडचं म्हणणं

चिठ्ठीत पोलंड निघाला.
गोंडाणे मॅडम म्हणाल्या, लक्षात ठेव,
परिषदेत 'मी' नसतो.
'आमच्या देशाला वाटतं' असंच लिहायचं,
दीड पान, समास सोडून.

लिहिलं: आमच्या देशाला वाटतं
कोळसा एकदम सोडता येत नाही.
खाणीत उतरणाऱ्यांची घरं आहेत,
हिवाळा आहे.
हिवाळा मोबाइलवर पाहिला, उणे अठरा.
इथे कोराडीत
पंख्याचा वारासुद्धा चटका देतो.

आई गच्चीवरून ओरडली,
"पोट्टे, कपडे झटकून घडी घाल,
राख बसली पाय पुन्हा!"

बाबा रात्रपाळीहून आले,
बूट दाराबाहेर काढले,
बॉयलरबद्दल काहीतरी पुटपुटत झोपले.
परिषदेची फी त्यांच्याच पगारातली,
कोटाचं कापडही.

तिसऱ्या परिच्छेदात हात घसरला:
आमच्या देशाच्या दोरीवर
पांढरा शर्ट
संध्याकाळपर्यंत पांढरा राहत नाही.
तरी दिवे त्याच राखेवर लागतात,
हेही नोंदवावं.

मॅडमनी लाल पेनाने गोल केला.
"हे पोलंडचं आहे का गं?"

म्हटलं, घरी विचारून सांगते.