पेरूची फांदी

इनायाने हट्ट धरला: टाकीत झाड पाहिजे.
प्लास्टिकचं नको, खरं.

शुक्रवारी ओहोटीला सूरच्या खाडीवर गेलो
तर पहिल्याच फेरीत मिळालं,
हरणाच्या शिंगासारखं, लाटांनी घासून मऊ केलेलं,
हातात घेतलं तर भाजलेल्या पापडाइतकं हलकं.
ह्याहून सुंदर काय हवं?

घरी आणून बादलीत बुडवलं.
मी समुद्र गोडा करण्याच्या कारखान्यात,
बाकीच्यांच्या खिशात कंगवा असतो तसा माझ्या खिशात मीटर.
सकाळी कांडी बुडवली: दोन हजार नऊशे.
पाणी बदललं. आणखी एक रात्र. दोन हजार शंभर.
मीठ त्याच्या हाडीमाशी मुरलेलं.
नसीम म्हणाली, कारखान्यातच नेऊन टाका हे.

मग पलीकडे आयजाला, गलबतं बांधतात तिथे.
खमीस सुताराने जुन्या फळीचा तुकडा पुढे केला.
सागवान. मलबारचा. माझ्या आजोबांहून मोठा.
नाकाशी धरला:
शार्कचं तेल, चुना, डिझेल, आणि मागे कुठेतरी लवंग.
खमीस हसला. ह्याने मासे वाहिले जन्मभर,
पण मेलेले.
जिवंत माशांतलं ह्याला काय कळतंय.

खजुराच्या बुंध्यात नख खुपसलं, नख आत गेलं.
आठ दिवसांत चोथा झाला असता.

वादीत बोरीच्या जातीचं एक काटेरी झाड, सिद्र.
सुकलेली फांदी हातात घेतलीही होती, पण हमूद म्हणाला
त्याची आजी ह्याच पाल्याने डोकं धुवायची, फेस यायचा पांढराशुभ्र.
पाल्यात फेस तर लाकडात काय, मला ठाऊक नाही.
जे ठाऊक नाही ते माशांवर कशाला आजमावायचं?
ठेवली परत.

त्याच हमूदच्या मळ्यात, तिवीला,
दोन उन्हाळ्यांपूर्वी वादळात पडलेला पेरू
दगडी बांधावर तसाच.
साल आपण होऊन सुटलेली. चीक नाही, वास नाही.
टोक मोडलं तर कटकन मोडलं,
आत हिरवं म्हणावं असं काही उरलं नव्हतं.
औषध मारलंस कधी ह्याच्यावर?
हमूदला राग आला. बोलला नाही.
मग म्हणाला, माझ्या बकऱ्यांनी खाल्लाय ह्याचा पाला,
जाऊन त्यांना विचार.

दावतीचं पातेलं काढलं. नसीमने बघितलं, तोंड फिरवलं.
फांदी अर्धी आत, अर्धी बाहेर,
दर अर्ध्या तासाने उलटी करायची.
पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं. दुसरंही.
तिसरं जरा फिकं.
घरभर ओल्या पाटीचा वास,
आणि पातेल्याच्या काठावर एक तपकिरी रेघ
जी चिंचेने जात नाही, राखेने जात नाही,
आणि ईदला पाहुण्यांसमोर माझ्या नावावर लागते.

अकरा दिवस ती तरंगत राहिली
पोटावर पाटा-वरवंट्यातला वरवंटा बांधून.
बाराव्या दिवशी पहाटे इनायाने मला हलवलं:
अब्बा, बसली!

पाचव्या दिवशी तिच्या अंगावर पांढरी खळ चढली
तेव्हा माझं धाबं दणाणलं.
मासेवाला शफीउल, चितगावचा, फोनवर जेवता जेवता बोलला,
राहू द्या. गोगलगाय खाईल.
खाल्ली तिने.
आणि तो भित्रा नारिंगी मासा,
तीन महिने फिल्टरमागे अंग चोरून राहिलेला,
आता फांदीच्या बेचक्यात झोपतो, दिवाही न घाबरवता.
मीटर: एकशे नव्वद.
पाणी जरासं सोनेरी. नसीमला ते न धुतलेलं वाटतं.

खाडीवरचं ते शिंग मात्र बाल्कनीत आहे अजून, बादलीत.
रात्रपाळीहून आलो की त्याचं पाणी बदलतो.
आता कशाला, इनाया विचारते,
टाकीत जागा तरी आहे का?
नाही.
अठरा वर्षं दुसरं काय करतोय मी इथे, हे तिला सांगत नाही.

काल चौदाशे होतं.