हातावर पोट

एक्केचाळीस वर्षं माझं पोट हातावर होतं
आणि हातात पोट: कॉडचं, हॅडॉकचं,
गार, ताणलेलं, समुद्र नुकताच सोडलेलं.
सुरी गळ्याशी, मग सरळ खाली,
आत दोन बोटं,
काळीज डाव्या टोपलीत,
गाबोळी असली तर उजव्या,
बाकीचं पायाखालच्या पन्हाळीतून
ज्याचं त्याला परत.
मिनिटाला नऊ.
दहा, शेजारी हानुस असला
आणि त्याला हरवायचं असलं तर.

क्लाक्सविकच्या धक्क्यावर डेकचा पत्रा कापून
यंत्र आत उतरवलं.
त्याच्याबरोबर ओर्री आला, आइसलँडचा,
प्लॅस्टिकात गुंडाळलेला लॅपटॉप घेऊन.
म्हणाला, एकदा हळू करून दाखवा काका,
कॅमेऱ्याला कळेल असं.

मी हळू केलं
आणि पित्ताची पिशवी फुटली.
हिरवं पसरलं काळजावर.
तो म्हणाला, हरकत नाही, पुन्हा.
पुन्हा फुटली.
मग मी डोळे मिटले
आणि नेहमीच्या वेगाने सहा मासे उरकले.
काय केलंत, दिसलंच नाही, तो म्हणाला.
म्हटलं, मलाही.

आता मिनिटाला चाळीस.
पाण्याचा फवारा, पातं, शोषून घेणारी नळी,
वजनाप्रमाणे खोक्यात पडणारे मासे, सगळे एका कुशीवर.
पडद्यावर काळजाला यकृत म्हणतात.
हानुस सामनच्या पिंजऱ्यांवर गेला.
मिक्याल समुद्राखालच्या बोगद्यातून बस चालवतो,
म्हणतो, अजून माशांच्या पोटाखालीच आहे मी.
पोवलचं विचारू नका.

आणि खोटं कशाला सांगू,
यंत्र आल्यावरच्या पहिल्या फेरीत मी झोपलो.
सलग सहा तास. मनगटांनी उठवलं नाही.
घरी सुन्नवाने हातात कप दिला
तो हातातच राहिला.
माझ्या बापाला शर्टाची बटणं आई लावून द्यायची,
तो खिडकीबाहेर बघत उभा राहायचा.

माझी जागा आता एका घसरगुंडीच्या तोंडाशी.
यंत्राला जो ओळखू येत नाही तो माझ्याकडे येतो:
पाठीचा कणा वाकलेला,
गालात जुना गळ रुतलेला,
एकदा तर दगड गिळलेला.
तासाला पाच-सात. सुरी तीच.

फेब्रुवारीत तीन दिवस जाळं हलकं आलं.
चौथ्या पहाटे कप्तान तोर्मोदुर
ब्रिजवरून खाली आला, पायात घरातल्या सपाता.
यंत्राकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून:
खातायत काय?

आधी हे कुणी विचारत नसे.
जेवताना आपोआप कळायचं, बटाटा सोलता सोलता,
आज वाळूतले बारीक मासे, आज कोळंबी.
आता उत्तर नळीतून जातं.
यंत्राकडे लांबी आहे, वजन आहे,
रक्ताचं तापमान अर्ध्या अंशापर्यंत,
पण शेवटचा घास नाही.

वाकड्या कण्याचा एक पडला होता, तो फाडला.
पोटात खेकड्यांच्या नांग्या, तांबूस गाळ.
तळाला आहेत, मी म्हणालो, खडकांत.
त्याने मान हलवली नि गेला.
मिळाले का?
मिळाले. डिझेल भागेल एवढे.

गेल्या आठवड्यात ओर्रीचा फोन.
पोटात काय होतं
तेही कॅमेऱ्याला शिकवायचं आहे म्हणे,
उन्हाळ्याआधी याल का?
येतो म्हणालो. का म्हणालो, ते सुन्नवानेही विचारलं.

हल्ली ती झोपल्यावर
स्वयंपाकघरात दिव्याखाली एक कॉड घेऊन बसतो.
हळू करायला शिकतोय.
काल पहिल्यांदा पित्त फुटलं नाही.
काळीज अख्खं निघालं,
बशीत ठेवलं.
सुरी धुतली.
हात मात्र बराच वेळ धुतले नाहीत.